कौतुक भरपूर, खेळ मात्र बातमीबाहेर

गोव्यात पत्रकारिता शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: महिला खेळाडूंच्या बातम्या आता पहिल्या पानावर येतात आणि त्यांचे कौतुकही होते. मग वृत्तपत्रे त्यांना दुय्यम वागवतात, ही तक्रार आज कितपत खरी मानावी? घरच्यांचे उल्लेख, छायाचित्रे आणि तक्रारींची प्रकरणे हाताळताना नव्या बातमीदाराने काय सांभाळावे? महिलांच्या खेळाचे वार्तांकन महिलांकडेच असावे का?

पणजीतील एका मराठी दैनिकात क्रीडा बातमीदार म्हणून आणि पुढे क्रीडा पान लावणारी उपसंपादक म्हणून माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवाच्या आधाराने हे उत्तर देत आहे.

तक्रार खरी आहे, मात्र तिचे रूप पालटले आहे. पूर्वी दुजाभाव उघड असायचा. २०१६ च्या जुलैमध्ये सानिया मिर्झाला एका दूरचित्रवाणी मुलाखतीत संसार, मातृत्व आणि 'स्थिरस्थावर' होण्याविषयी विचारण्यात आले. दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूने आणखी कोणते स्थैर्य मिळवायचे, असा तिच्या उत्तराचा रोख होता. मुलाखतकार राजदीप सरदेसाई यांनी तिथल्या तिथे माफी मागितली आणि असा प्रश्न पुरुष खेळाडूला आपण कधी विचारला नसता, हेही मान्य केले. पुढच्या वर्षी विश्वचषकापूर्वी मिताली राजला आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण, असे विचारले गेले, तेव्हा पुरुषांना तुम्ही आवडती महिला क्रिकेटपटू विचारता का, असा प्रतिप्रश्न तिने केला. रिओ ऑलिंपिकमध्ये ट्रॅप नेमबाजीत कांस्यपदक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या कोरी कॉगडेलची ओळख शिकागोच्या एका मोठ्या दैनिकाने तिचे नाव न घेता फुटबॉलपटूची पत्नी अशी करून दिली होती. अशा चुका आता पटकन ओळखू येतात आणि त्यांच्यावर टीकाही लगेच होते. त्यामुळे त्यांच्यावर मी अधिक थांबत नाही.

आजचा दुजाभाव कौतुकाच्या वेषात येतो, म्हणून तो ओळखायला जड जातो. तो तपासण्याची माझी पद्धत साधी आहे. महिला खेळाडूच्या विजयाची कोणतीही बातमी घ्यावी आणि ती कशी जिंकली हे सांगणारी वाक्ये पेन्सिलने अधोरेखित करावीत. आईवडिलांचे कष्ट, गावाचा आनंद, मंत्र्यांचे अभिनंदन, डोळ्यांतील अश्रू आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा हे सारे वगळल्यावर पुष्कळदा अधोरेखित करायला काही उरत नाही. ती जिंकली एवढेच वाचकाला कळते. तिने कोणता डाव आखला, सामना कोठे फिरला, प्रतिस्पर्धी कोठे कमी पडली, यातले काहीच त्याच्या हाती लागत नाही. पुरुषांच्या सामन्याची अशी बातमी आली असती तर क्रीडा संपादकाने ती परत पाठवली असती.

आपल्याकडच्या स्थानिक बातमीचा एक नमुना घेऊ. नावे गाळली आहेत, पण गोव्यातील कोणत्याही वाचकाला तो ओळखीचा वाटेल: 'येथील मैदानावर झालेल्या महिला फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमुक संघाने तमुक संघाचा २-१ असा पराभव करून विजेतेपद पटकावले. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते विजेत्या संघास चषक प्रदान करण्यात आला. यावेळी सरपंच, पंच सदस्य, क्लबचे अध्यक्ष, खजिनदार व इतर मान्यवर उपस्थित होते. मुलींनी खेळात अधिकाधिक संख्येने पुढे यावे, असे आवाहन पाहुण्यांनी केले.' सोबतच्या छायाचित्राच्या ओळीत मान्यवरांची नावे डावीकडून क्रमाने असतात आणि खाली बसलेल्या अकरा जणींचा उल्लेख 'विजेता संघ' एवढाच असतो. तीन गोल झाले. ते कोणी केले, कितव्या मिनिटाला केले, याचा पत्ता नसतो. खजिनदार मात्र नावानिशी असतात.

या बातमीमागे कोणाचा आकस असतो असे मला वाटत नाही. सामन्याला बातमीदार गेलेलाच नसतो. रात्री आठच्या सुमारास आयोजकांचे प्रसिद्धिपत्रक व्हॉट्सॲपवर येते. ते लिहिणाऱ्या कार्यकर्त्याच्या दृष्टीने पाहुण्यांचे नाव चुकणे हा मोठा गुन्हा असतो, गोल करणारीचे नाव राहून जाणे हा नसतो. डेस्कवर त्या वेळी पान बंद करण्याची घाई असते. उपसंपादक पत्रकाची शुद्धलेखनापुरती दुरुस्ती करतो, वर 'क्री. प्र.' (क्रीडा प्रतिनिधी) असे घालतो आणि सिंगल कॉलममध्ये मजकूर बसवतो. पुरुषांच्या स्पर्धेचे पत्रकही असेच येते, पण तेव्हा आयोजकाला फोन करून गोल कोणी केले हे विचारण्याची सवय डेस्कला असते. महिलांच्या स्पर्धेसाठी तो फोन लावला जात नाही. माझ्या मते सारा फरक त्या एका फोनमध्ये आहे. तो लावला असता तर बातमीत निदान एवढे आले असते: 'मध्यंतराला एका गोलने मागे असलेल्या संघाने उत्तरार्धात बगलेतील खेळाडूला मध्यभागी आणले. त्यानंतर मिळालेल्या कॉर्नरवर बरोबरी झाली आणि निर्धारित वेळ संपायला पाच मिनिटे असताना गोलरक्षक पुढे आल्याचे पाहून त्याच खेळाडूने दुरून मारलेला चेंडू विजयी ठरला.' जागा तेवढीच लागते.

आपल्या बातमीदारांना महिलांच्या फुटबॉलविषयी लिहिता येत नाही, असे मुळीच नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या फिफा विश्वचषकाच्या दोन्ही उपांत्य लढती फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर झाल्या. कोलंबिया आणि नायजेरिया यांच्यातील सामना गोलशून्य बरोबरीत राहून पेनल्टीवर ६-५ असा सुटला आणि स्पेनने जर्मनीला १-० असे हरवले. त्या मुलींचे वडील काय करतात, गावात पेढे कोणी वाटले, लग्नाचे काय, यातले काहीच आपल्या बातमीदारांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यायला भाषाही आडवी येत होती. त्यामुळे खेळाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. लिंडा कायसेदोचा वेग, बचावफळी किती पुढे उभी राहते, पेनल्टीच्या वेळी गोलरक्षक कोणत्या बाजूला झेपावते, यांवर पत्रकारकक्षात तावातावाने चर्चा चालायची आणि ती लिखाणात उतरायची. आपल्या मुलींच्या वाट्याला हे लेखन क्वचित येते. त्यांच्याविषयी खेळाव्यतिरिक्त बरेच काही आपल्याला आधीच माहीत असते आणि तेच लिहायला सोपे जाते.

शिखा पांडेचे उदाहरण यासाठी बोलके आहे. गोव्याकडून खेळून भारतीय क्रिकेट संघात पोहोचलेली, गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवीधर आणि हवाई दलातील अधिकारी या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि पहिल्या ओळखीत त्या याव्यात, यात गैर काही नाही. पण ९ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या कॅरारा मैदानावर तिने यजमान संघाच्या अलिसा हिलीला टाकलेला चेंडू हा स्वतंत्र लेखाचा विषय होता. टप्पा ऑफ यष्टीच्या बराच बाहेर पडला, चेंडू विलक्षण आत वळला आणि हिलीची बॅट खाली येईपर्यंत यष्ट्या उडाल्या होत्या. समाजमाध्यमांवर त्याला 'शतकातील चेंडू' म्हटले गेले आणि आपल्याकडच्या पुष्कळशा मजकुराने तेच विशेषण उचलून काम भागवले. शिवण कशी धरली होती, नव्या चेंडूवर ती एरवी कोणता टप्पा ठेवते, एवढा वळण घेणारा चेंडू तिच्या भात्यात पूर्वीपासून होता का, हे तिला किंवा गोव्यातील तिच्या प्रशिक्षकांना विचारता येण्याजोगे होते. पर्वरीची क्रिकेट अकादमी काही फार दूर नाही.

विशेषणांविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण मराठी डेस्कचा मोह तेथेच आहे. सुवर्णकन्या, रणरागिणी, वाघीण, देशाची लेक हे शब्द तयार असतात आणि शीर्षकाच्या मापात बसतात. धावपटू असेल तर तिच्या गावाच्या किंवा मुलखाच्या नावापुढे एक्स्प्रेस जोडायची: पी. टी. उषा पय्योली एक्स्प्रेस झाली, कविता राऊत सावरपाडा एक्स्प्रेस झाली, ललिता बाबर माणदेशी एक्स्प्रेस झाली. एखाद्या शीर्षकात हे शोभते, त्याला माझा विरोध नाही. अडचण पुढे येते. एकदा एक्स्प्रेस म्हटले की ललिता बाबरची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेसची असते, तीत अडथळे आणि पाण्याचा खड्डा असतो, रिओमध्ये त्या शर्यतीची अंतिम फेरी तिने गाठली होती, हे सांगायची गरज लिहिणाऱ्याला वाटेनाशी होते. 'मुलींनी बाजी मारली' हेही मला खटकते. शाळेच्या संघाविषयी ते ठीक आहे. तिशी ओलांडलेल्या कर्णधाराच्या राष्ट्रीय संघाविषयी ते लिहू नये.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ मध्ये महिला आणि पुरुष खेळाडूंच्या समान चित्रणाविषयी माध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि नंतर ती सुधारली. ती जरूर वाचावीत, पण डोळे मिटून लागू करू नयेत. महिला खेळाडूंचा उल्लेख पहिल्या नावाने आणि पुरुषांचा आडनावाने होतो, ही पाश्चात्त्य माध्यमांविषयीची जुनी तक्रार आपल्याकडे तितकीशी लागू पडत नाही. आपण सचिन, विराट, रोहित असेच लिहितो आणि सिंधू, स्मृती, मिताली असेही लिहितो. उलट, कोणत्याही विक्रमाची बातमी देताना आपण पुरुषांचा आणि महिलांचा विक्रम वेगळा सांगतो का, ही त्यांची कसोटी आपल्याला नेमकी लागू आहे. रिओत टेनिसची दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारा पहिला खेळाडू म्हणून अँडी मरेचे अभिनंदन झाले, तेव्हा व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांच्याकडे प्रत्येकी चार आहेत, याची आठवण त्यानेच करून दिली होती. 'पहिला भारतीय' असे लिहिण्यापूर्वी महिलांची यादी पाहणे हे उपसंपादकाचे काम आहे.

घर, आईवडील, मातृत्व यांचे उल्लेख करूच नयेत, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. उल्लेखाचा खेळाशी संबंध आहे का, एवढेच पाहावे. कोनेरू हंपी बाळंतपणामुळे सुमारे दोन वर्षे स्पर्धात्मक बुद्धिबळापासून दूर राहिली आणि परतल्यावर २०१९ आणि २०२४ अशी दोनदा जलद बुद्धिबळातील विश्वविजेती झाली. येथे मातृत्वाचा उल्लेख आवश्यक आहे, कारण एवढ्या खंडानंतर तयारी, ओपनिंगचा अभ्यास आणि वेळेचे दडपण पुन्हा कसे जमवले, हा खेळाचाच प्रश्न आहे. स्पर्धेच्या काळात मुलीला कोण सांभाळते, हा प्रश्न मात्र तेवढ्याच मुलांचे वडील असलेल्या ग्रँडमास्टरला विचारणार असाल तरच हंपीला विचारा.

बुद्धिबळाचा विषय निघाला आहे तर त्यावर जरा थांबते, कारण येथे सबबीला जागाच नाही. डाव संपल्यावर काही मिनिटांत सगळ्या चाली जगाला उपलब्ध होतात. मैदानावर जावे लागत नाही की पत्रकाची वाट पाहावी लागत नाही. तरीही गोव्याची भक्ती कुलकर्णी २०१६ मध्ये ताश्कंदला आशियाई विजेती झाली तेव्हा, किंवा २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने कांस्यपदक जिंकले तेव्हा, तिचा एखादा डाव चालींसह आपल्या पानावर किती वाचकांनी पाहिला असेल? दिव्या देशमुखने २०२४ च्या जानेवारीत, नेदरलँड्समधील वाइक आन झीच्या स्पर्धेनंतर, आपल्या डावांपेक्षा केस, कपडे आणि बोलण्याची ढब यांचीच प्रेक्षकांत चर्चा होते, असे जाहीरपणे लिहिले. तेव्हा ती १८ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी बातुमी येथे हंपीला टायब्रेकमध्ये हरवून तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये खुल्या गटाच्या विश्वचषकासाठी ती गोव्यात हडफड्याला आली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली. अशा पराभवाचीही बातमी पूर्ण लिहावी. नेमका कोठे डाव बिघडला, हे सांगितले की खेळाडूला गंभीरपणे घेतल्यासारखे होते. पराभूत महिला खेळाडूविषयी केवळ सहानुभूतीची दोन वाक्ये लिहून सोडून देणे, हाही कमीपणाच आहे.

अश्रूंचेही तसेच. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून ३३९ धावांचे लक्ष्य गाठून दिले. सामन्यानंतर आपल्या मानसिक ताणाविषयी ती मोकळेपणाने बोलली आणि रडली. ती बातमी होतीच. परंतु तिसऱ्या क्रमांकावर येऊन धावगती हाताबाहेर न जाऊ देता, मोठ्या फटक्यांचा हव्यास न धरता मोकळ्या जागा हेरून डाव कसा बांधावा, याचा तो पाठ होता, आणि चार कॉलम अश्रूंना दिल्यावर त्यासाठी एक कॉलम उरला तर प्रमाण चुकले असे मी म्हणेन. अंतिम सामन्याचे वृत्तांत त्या मानाने चांगले आले. हरमनप्रीतने शेफाली वर्माच्या हाती चेंडू दिला आणि तिने दक्षिण आफ्रिकेच्या सुने लूस आणि मरिझान काप यांना बाद केले, या निर्णयाची चर्चा मराठी पानांवरही कर्णधाराचा निर्णय म्हणून झाली.

छायाचित्र निवडताना मी सहकाऱ्यांना एकच विचारत असे, या क्षणी ती काय करते आहे? सर्व्हिस करते आहे, झेपावते आहे, पंचाकडे पाहून दाद मागते आहे, तर छायाचित्र चालेल. ती केवळ दिसते आहे, तर दुसरे शोधा. खाली वाकलेल्या टेनिसपटूचे, कपडे सरकलेल्या धावपटूचे छायाचित्र एजन्सीकडून आले म्हणून लावायचे नसते. याचा अर्थ शरीराचा विषय निषिद्ध आहे, असा नाही. पॅरिसमध्ये विनेश फोगाट ७ ऑगस्ट २०२४ रोजी ५० किलो गटात १०० ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे अपात्र ठरली. तेव्हा वजन उतरवण्याची प्रक्रिया, शरीरातील पाणी कमी करण्याचे धोके आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करण्याचा नियम हे सारे तपशिलात लिहिणे आवश्यकच होते. छायाचित्राच्या सत्यतेविषयीही सावध राहावे. २०२३ च्या मे महिन्यात दिल्लीत आंदोलक कुस्तीगिरांना ताब्यात घेतले गेले, तेव्हा पोलिसांच्या गाडीतील त्यांच्या छायाचित्रात बदल करून चेहऱ्यांवर हसू आणलेली प्रत फिरत होती.

लैंगिक छळाच्या तक्रारींच्या बातम्यांत नियम कडक आहेत आणि ते पाठ असावेत. बलात्कार व तत्सम गुन्ह्यांतील पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ मनाई करते, आणि अल्पवयीन असल्यास पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. गोव्यासारख्या लहान राज्यात नाव न छापणे पुरेसे नसते. खेळ, वयोगट, तालुका आणि प्रशिक्षकाचे नाव दिले की अर्ध्या गावाला मुलगी कळते. यांतला कोणता तपशील गाळायचा, हे बातमीदाराने डेस्कवर न सोपवता स्वतः ठरवावे. खेळाडूच्या लिंगनिश्चितीविषयीच्या कुजबुजीलाही हीच शिस्त लावावी. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचे रौप्यपदक जिंकणाऱ्या शांती सौंदराजनचे पदक चाचणीनंतर काढून घेण्यात आले आणि तिची वैद्यकीय बाब घरोघरी चर्चेची झाली. अधिकृत निर्णय, त्याचा नियम आणि तिचे म्हणणे एवढेच छापावे. सूत्रांकडून आलेला शरीराविषयीचा तपशील छापू नये.

आता शेवटचा भाग. महिलांचे खेळ महिला बातमीदारांकडेच द्यावेत का? माझे उत्तर नकारार्थी आहे. तसे केले की खेळाडू आणि बातमीदार अशा दोघींचीही वेगळी वाडी होते. बातमीदार मुलीला महिला लीग आणि बक्षीस समारंभ मिळतात, रणजी आणि संतोष चषक दुसऱ्यांकडे जातात, आणि पगारवाढीच्या वेळी तिने 'मोठे' सामने केलेले नाहीत, असे सांगितले जाते. महिला असल्याचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे. मासिक पाळीतील सराव, गुडघ्याच्या दुखापती, चेंजिंग रूम नसलेली मैदाने यांविषयी खेळाडू तिच्याशी लवकर बोलतात, आणि हे विषय आपल्या पानांवर फार कमी आले आहेत.

तू सुरुवात करशील तेव्हा एका हंगामात एका तरी महिला स्पर्धेचे सगळे सामने पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहा आणि नावे, जर्सी क्रमांक, गोल, बदली खेळाडू यांची स्वतःची वही ठेव. गोव्याच्या योलांडा डिसोझा ज्या काळात भारतीय महिला फुटबॉल संघातून खेळल्या त्या काळात हा संघ आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उपविजेता ठरला होता, पण त्यांचा खेळ कसा होता, हे सांगणारा मजकूर शोधायला गेले तर हाती फार थोडे लागते. सामना संपताच रेफ्रीच्या परवानगीने मॅचशीटचे छायाचित्र काढून घे. गोल, मिनिटे आणि कार्डे सगळे त्यावर असते, आणि एकदा का व्यासपीठावर भाषणे सुरू झाली की तो कागद कोणाच्या खिशात गेला, हे कोणालाच सांगता येत नाही.